मोझेलच्या उतारावरील कौटुंबिक वाईन घराणी: एकाच टेकडीचे नाव इतक्या बाटल्यांवर कसे?

मायनकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्रांकफुर्टजवळ राहतो आणि येत्या सप्टेंबरमध्ये माझे सासू-सासरे नाशिकहून आमच्याकडे येणार आहेत. सासऱ्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग असून तिचा काही भाग त्यांनी वाईनच्या द्राक्षांसाठी राखलेला आहे. त्यामुळे त्यांना किल्ले आणि चर्च दाखवत फिरवण्यापेक्षा मोझेल नदीच्या खोऱ्यातील तीव्र उतारावरच्या बागा आणि पिढ्यानपिढ्या एकाच कुटुंबाने चालवलेली एखादी वायनरी दाखवावी, असे मनात आहे. चौकशी करताना वेलेन या गावातील योहान योसेफ प्र्यूम, म्हणजे बाटलीवर ज्यांचे नाव ‘जे. जे. प्र्यूम’ असे छापलेले असते, त्या घराण्याचे नाव वारंवार पुढे आले.

दुकानात गेल्यावर मात्र माझा गोंधळ उडाला. ‘वेलेनर झोननऊर’ हे टेकडीचे नाव एकाच फळीवर ठेवलेल्या निरनिराळ्या उत्पादकांच्या बाटल्यांवर होते. त्यांपैकी एकाचे आडनावही प्र्यूमच होते, फक्त आद्याक्षरे वेगळी होती, आणि किमतीत तर दुपटीहून अधिक अंतर होते. ही सगळी वाईन एकाच टेकडीवरची असेल, तर किमतीत एवढी तफावत का असावी? एकाच आडनावाची ही दोन घरे म्हणजे एकाच कुटुंबाच्या शाखा आहेत, की चालत्या नावाचा कोणी फायदा घेत आहे? आणि ज्यांना द्राक्षातले सारे कळते, पण जे वाईन क्वचितच घेतात, अशा शेतकऱ्याला त्या टेकडीवर नेमके काय दाखवावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पाटीचा दगड (उत्तर)

नावाचा फायदा कोणी घेतलेला नाही. ही सरळसरळ भाऊवाटणी आहे, आणि दिंडोरीच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगण्याची गरजही पडणार नाही.

ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा हा सगळा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या ताब्यात गेला. चर्चच्या आणि मठांच्या मालकीच्या बागा त्यांनी जप्त करून लिलावात काढल्या आणि त्या स्थानिक कुटुंबांनी विकत घेतल्या. त्याच राजवटीबरोबर नेपोलियनची दिवाणी संहिताही आली, जिच्यानुसार वडिलांची मिळकत सर्व मुलांमध्ये सारखी वाटली जाते. फ्रेंच गेले तरी ही संहिता ऱ्हाइनलँडमध्ये १९०० सालापर्यंत लागू राहिली. परिणाम व्हायचा तोच झाला: दर पिढीला बागेचे तुकडे पडत गेले, आणि आज एकेका कुटुंबाच्या वेली एकाच टेकडीवर चार ठिकाणी विखुरलेल्या सापडतात. प्र्यूम कुटुंबाची मोठी मिळकत १९११ साली सात वारसांत विभागली गेली. त्यांपैकी योहान योसेफ यांच्या वाट्याला आलेल्या भागातून जे. जे. प्र्यूम हे घर उभे राहिले आणि एस. ए. प्र्यूम हे नावही त्याच वाटणीतून पुढे आले. त्याच टेकडीवर बर्नकास्टेलच्या डॉ. लोझेन यांच्याही वेली आहेत, वेलेनमधल्याच केर्पेन यांच्याही आहेत. म्हणून मोझेलची बाटली घेताना मी आधी घर पाहतो आणि मग टेकडी पाहतो. फ्रान्समधील बुर्गुंडी या वाईन-प्रदेशालाही हाच न्याय लागू होतो आणि त्याचे कारणही हेच वारसाहक्काचे आहे.

टेकडीचे नाव मोठे असले, तरी त्यावर डोळे झाकून विसंबण्यात एक अडचण आहे. जर्मनीत १९७१ साली नवा वाईन कायदा आला, तेव्हा हजारो लहान बागांची नावे रद्द करून त्या शेजारच्या प्रसिद्ध नावाखाली जोडल्या गेल्या. त्यामुळे आज ‘झोननऊर’ म्हणून जो पट्टा नोंदला जातो, त्यात जुना अस्सल गाभाही आहे आणि नंतर चिकटवलेली जमीनही आहे. कोणाचा तुकडा कुठे आहे, हे लेबल सांगत नाही. याउलट, प्रशियाच्या राजवटीत १८६८ साली मोझेल आणि तिची उपनदी सार यांच्या काठच्या बागांचा एक नकाशा छापला गेला, ज्यात शेतसाऱ्याच्या हिशेबाने बागांची प्रतवारी करून सर्वांत जास्त उत्पन्नाच्या बागा गडद रंगात दाखवल्या होत्या. जाणकार आजही तोच नकाशा उघडून बसतात. सारा वसूल करणाऱ्या सरकारची नजर वाईन समीक्षकांपेक्षा तीक्ष्ण असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता जे. जे. प्र्यूम यांच्याविषयी. या घराची आजची शैली घडवली ती योहान योसेफ यांचे पुत्र सेबास्टियान यांनी. १९६९ मध्ये ते गेल्यानंतर डॉ. मानफ्रेड प्र्यूम यांनी कारभार हाती घेतला आणि त्यांच्यानंतर त्यांची कन्या डॉ. कातारिना तो पाहू लागल्या. येथे रीसलिंग हीच एक जात धरून काम चालते. वेलेनर झोननऊर, ग्राखर हिमेलराइख, त्सेल्टिंगर झोननऊर आणि बर्नकास्टेलर बाडश्टुबे अशा निरनिराळ्या उतारांवरची द्राक्षे वेगवेगळी ठेवून प्रत्येकाची वाईन वेगळी केली जाते. हिमेलराइखची वाईन कोवळ्या वयातच मोकळी होते, झोननऊरची मात्र बराच काळ मिटलेली राहते. या घराची ताजी बाटली उघडली, तर पहिला वास बहुधा नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा येतो आणि जिभेवर किंचित वायूची चुणचुण जाणवते. बाहेरून यीस्ट न घालता द्राक्षावरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर वाईन सावकाश आंबवण्याच्या आणि हवेपासून जपण्याच्या पद्धतीमुळे असे होते. तो दोष नव्हे. आठ-दहा वर्षे ठेवलेली श्पेटलेझ या प्रतीची बाटली घेतली, तर हा वास गेलेला असतो आणि पीच, लिंबाची साल व ओल्या दगडाची आठवण करून देणारा स्वाद समोर येतो. किमतीतली तफावत या सगळ्याची आहे: कोणता तुकडा, किती वेचून तोडणी, किती संयम, आणि अर्थातच घराचा लौकिक.

लासलगाव रोड (उत्तर)

आमची पिढीजात बाग निफाड तालुक्यात आहे आणि मी मोझेलच्या बागा पाहून आलेलो आहे, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या बाजूने देतो.

सासऱ्यांना आधी तळघरात नेऊ नका, आधी वेलेन गावाच्या बाजूने नदीकाठी उभे करा. गाव एका तीरावर आणि बाग समोरच्या तीरावर अशी येथे रचना आहे, त्यामुळे संपूर्ण टेकडी भिंतीसारखी समोर उभी दिसते आणि तिच्या मधोमध, वेलींच्या दाटीत, खडकावर बांधलेले ते मोठे पांढरे सूर्यघड्याळ दिसते, ज्यावरून या बागेला नाव मिळाले. बागेत काम करणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून योडोकुस प्र्यूम यांनी ते १८४२ साली उभारले. त्सेल्टिंगेनच्या हद्दीतले दुसरे घड्याळही त्यांचेच. खाली उभे राहून हे पाहिल्यावर शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो की येथे फवारणी कशी करत असतील! उत्तर असे की बराच काळ ती हेलिकॉप्टरने होत आली आणि आता ड्रोनही वापरात आले आहेत. भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग यांनाही चुकलेले नाहीत.

मग पूल ओलांडून वर चढा. पायाखाली माती जवळजवळ दिसतच नाही; सगळीकडे निळसर-करड्या पाटीच्या दगडाच्या चिपा पसरलेल्या असतात, आणि पाऊल टाकले की त्या खळखळत खाली सरकतात. हा दगड चाळीसएक कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे. दिवसभराचे ऊन तो धरून ठेवतो आणि संध्याकाळनंतर वेलीला परत देतो. पन्नासाव्या अक्षांशावर रीसलिंगसारखी उशिरा पिकणारी जात पिकते, ती या दगडामुळे, दक्षिणेकडे कललेल्या उतारामुळे आणि खालच्या नदीमुळे. आमच्याकडे निम्मी धडपड ऊन आवरण्याची असते, येथे ती ऊन साठवण्याची आहे.

मांडव नाही, वाय-पद्धत नाही, जुन्या बागांत तारही नाही. प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खुंटा असतो आणि दोन काड्या दोन बाजूंनी वाकवून बदामाच्या आकारात बुंध्याशी बांधलेल्या असतात. मला हे आधी जुनाट वाटले होते, पण उतारावर चालून पाहिल्यावर त्याचे कारण लगेच कळते: तार ओढली की माणूस केवळ ओळीच्या दिशेने जाऊ शकतो, आणि खुंट्यावरच्या बागेत मात्र तो आडवाही फिरू शकतो, जे घसरत्या उतारावर फार महत्त्वाचे आहे. ट्रॅक्टर चालवण्याचा प्रश्नच येत नाही. वर बसवलेल्या विंचच्या दोराने नांगर खेचतात, काही ठिकाणी एकच रूळ टाकून त्यावर इंजिनाची लहान गाडी चालवतात आणि क्रेट तिच्यावरून खाली आणतात. सपाट बागेच्या कितीतरी पट मजुरी येथे लागते. पावसाने चिपा खाली वाहून गेल्या, तर त्या पुन्हा वर न्याव्या लागतात आणि रचीव दगडी ताली ढासळल्या, तर त्या हातानेच उभ्या कराव्या लागतात.

सासऱ्यांना आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली म्हणजे छाटणी वर्षातून एकदाच, ऐन थंडीत होते. वेल झोपलेली असते, एप्रिलच्या सुमारास फुटते, जूनमध्ये फुलोरा येतो आणि तोडणी बहुधा ऑक्टोबरमध्ये होते. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हा प्रकार तेथील लोकांना ऐकूनही खरा वाटत नाही. दुसरी म्हणजे खुंटरोप. आपण डॉगरिज या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावण्याचा विचार करत नाही. मोझेलच्या काही जुन्या तुकड्यांत मात्र अजूनही कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली आहेत, कारण फिलोक्सेरा या मुळावरच्या किडीला हा दगडाळ उतार मानवला नाही.

आणि कुजलेल्या मण्यांच्या वाईनबद्दल ऐकल्यावर ते काय म्हणतात, ते येथे जरूर कळवा. आमच्याकडे मणीकूज दिसली की व्यापारी घडाला हात लावत नाही. येथे मात्र बोट्रायटिस बुरशीने सुकून मनुक्यासारखे झालेले मणी एकेक करून वेचतात आणि त्यांची बाटली सर्वांत महाग विकतात.

मायनकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना हे वाचून दाखवले. त्यांनी फोनवर लगेच विचारले की रसाचे ब्रिक्स (साखरेचे प्रमाण) किती असताना तोडणी करतात, कारण मी त्यांना लेबलचा फोटो पाठवला होता आणि त्यावर अल्कोहोल अवघे ८ टक्के लिहिले होते. त्यांच्या माहितीतली नाशिकची वाईन १२-१३ टक्क्यांची असते. “मग ह्यात पाणी आहे की द्राक्ष कच्चे तोडले?” असा त्यांचा थेट सवाल आहे. शिवाय काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ या पायऱ्या गोडीच्या आहेत की दर्जाच्या, हेही कोणी स्पष्ट केले तर बरे होईल.

कादवा (उत्तर)

पाणीही नाही आणि द्राक्ष कच्चेही नाही. मी आंबवण प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हिशेबच मांडून दाखवते.

जर्मनीत ब्रिक्सऐवजी ओक्सले अंश वापरतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके त्याचे ओक्सले अंश, म्हणजे १.०७० घनतेचा रस ७० अंशांचा, आणि हे साधारण १७ ब्रिक्सच्या बरोबरीचे झाले. मोझेलच्या रीसलिंगसाठी कायद्याने ठरवलेली किमान पातळी काबिनेटला ७०, श्पेटलेझला ७६, आउसलेझला ८३, बेरेनआउसलेझला ११० आणि सुक्या मण्यांच्या ट्रोकनबेरेनआउसलेझला १५० अंश अशी आहे. हा नियम तोडणीच्या वेळी रसात असलेल्या साखरेविषयी आहे, बाटलीत उरलेल्या साखरेविषयी नाही. म्हणूनच श्पेटलेझ पूर्ण आंबवून कोरडीही करता येते, आणि तशी असेल तर लेबलावर ‘ट्रोकन’ असे छापलेले असते, ज्याचा अर्थ लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर असा घ्यावा. ‘फाइनहेर्ब’ हा शब्द दिसला तर मधली चव समजावी; त्याला कायद्याची नेमकी मर्यादा नाही. काहीच लिहिलेले नसेल आणि अल्कोहोल ७ ते ९ टक्के असेल, तर वाईन गोडसर आहे हे बाटली न उघडताही सांगता येते. मला लेबलावरचा सर्वांत उपयोगी आकडा तोच वाटतो.

आता आठ टक्क्यांचे गणित. एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडते. ८० अंशांचा रस पूर्ण आंबवला, तर साडेदहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल मिळेल. पण वाईन आठ टक्क्यांवर असतानाच थंड करून आणि गंधकाची मात्रा देऊन आंबवण थांबवली, तर लिटरला चाळीसेक ग्रॅम साखर तशीच उरते. ही साखर द्राक्षाचीच असते. साधा दर्जा असलेल्या वाईनच्या रसात आंबवण्यापूर्वी साखर घालायला जर्मन कायदा परवानगी देतो, मात्र काबिनेटपासून वरच्या सर्व पायऱ्यांना ती मनाई आहे. चाळीस ग्रॅम ऐकून सरबत डोळ्यांसमोर येईल, परंतु थंड हवेत पिकलेल्या रीसलिंगचा आंबटपणा इतका खणखणीत असतो की घोट संपल्यावर जीभ चिकट न होता स्वच्छ राहते. नाशिकच्या उन्हात हा आंबटपणा झपाट्याने उतरतो, म्हणून त्याच पद्धतीने तेथे गोड वाईन केली, तर ती बसकी लागते. सासरे रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजण्याचे उपकरण) वापरतच असतील, तर त्यांना रसाचा आंबटपणा, म्हणजे आम्लाचे ग्रॅम, विचारायला सांगा. खरी गोष्ट तेथे आहे.

कौटुंबिक वायनरीची खातरजमा करायची असेल, तर लेबलावर ‘गुट्सआबफ्युलुंग’ हा शब्द शोधा. स्वतःच्या बागेतले द्राक्ष स्वतःच्याच तळघरात बाटलीबंद केले, असे त्यातून कळते. ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ याचाही अर्थ जवळपास तोच, पण शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही तो लावू शकतात. खाली बारीक अक्षरांत सरकारी तपासणीचा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे दोन आकडे तपासणीचे वर्ष सांगतात, आणि त्याआधीच्या आकड्यांवरून एकाच घराच्या एकाच वर्षीच्या दोन निरनिराळ्या भरण्या ओळखता येतात.

टेकडीउतार (उत्तर)

वरील सर्व माहिती उत्तम आहे, पण एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. जे. जे. प्र्यूम यांची वाईन जरूर घ्या, मात्र सासऱ्यांसाठी भेट ठरवायची असेल, तर जोडीला एखाद्या लहान, अप्रसिद्ध कुटुंबाची श्ट्राउसवर्टशाफ्टही निवडा. शेतकरी कुटुंबाला स्वतःच्या घरात किंवा अंगणात, वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, फक्त स्वतःची वाईन आणि साधे जेवण विकण्याची कायद्याने दिलेली ही सवलत आहे. चाळीसपेक्षा अधिक माणसे बसवता येत नाहीत आणि दुकान उघडे असल्याची खूण म्हणून दारावर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली असते. तेथे वाईन आणून देणारी आजी बहुधा त्याच सकाळी बागेत काम करून आलेली असते, आणि दोन शेतकऱ्यांचे बोलणे दुभाष्याशिवायही बरेच पुढे जाते. नामांकित घरी मात्र वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये.

तारखांचेही पाहा. सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्नकास्टेल-कूसला मोठा वाईन उत्सव भरतो, तेव्हा राहायला जागा मिळत नाही. महिना संपत आला की तोडणी जवळ येते आणि कोणाला बोलायला फुरसत नसते. मधला पंधरवडा सर्वांत सोयीचा. एक दिवस जास्त असेल तर नदीच्या खालच्या अंगाला ब्रेम गावाजवळची काल्मोंटची बाग पाहा. तिचा उतार काही ठिकाणी ६० अंशांहून अधिक आहे आणि युरोपातील सर्वांत तीव्र उताराच्या बागांत तिची गणना होते. वर जाणारी पायवाट मात्र शिड्या आणि लोखंडी दोर धरून चढावी लागते, त्यामुळे सासूबाईंना खालूनच दाखवा.

जेवणाबद्दल कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. गोडसर काबिनेट आपल्या तिखट जेवणाबरोबर कोरड्या वाईनपेक्षा कितीतरी चांगली जुळते, कारण जास्त अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवते आणि साखर तो शमवते. कोळंबीचे तिखले किंवा हिरव्या मसाल्याचे चिकन करून पाहा. लाल मिरचीच्या काळ्या रश्शापुढे मात्र तिचा सुगंध टिकत नाही.

मायनकाठ

सर्वांचे आभार. सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात वेलेनजवळ खोली घेतली आहे आणि दोन घरांना पत्र पाठवून वेळ मागितली आहे. शेवटची शंका एवढीच की परतताना सासऱ्यांना किती बाटल्या नेता येतील?

पाटीचा दगड

भारतात उतरताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येते. म्हणजे प्रत्येकी पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि वर एक अर्धी, असे दोघांचे मिळून चार मोठ्या आणि दोन अर्ध्या घ्या. माझा सल्ला असा की चारही मोठ्या बाटल्या एकाच वर्षीच्या काबिनेट घ्याव्यात: दोन वेलेनर झोननऊर आणि दोन ग्राखर हिमेलराइख, त्याही दोन निरनिराळ्या घरांच्या, म्हणजे दोन्ही घरांच्या दोन्ही टेकड्या हाती येतील. घर बदलल्याने किती फरक पडतो आणि टेकडी बदलल्याने किती, हे दिंडोरीत बसून ताडून पाहता येईल. अर्ध्या बाटल्यांत आउसलेझ घ्या, ती सहज मिळते. नाशिकला पोहोचल्यावर सर्व बाटल्या महिनाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहू द्या, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यासाठी राखून न ठेवता हिवाळ्यातच उघडा.